मोकळी लेव्हल कशी बांधावी: जकात नाका, एक वही आणि खेळाडूची मर्जी

रोल-प्लेइंग गेमची पहिली लेव्हल बांधणारे बहुतेक जण एकाच खड्ड्यात पडतात. इमारत उभी करायची, पुढच्या दारात चार पहारेकरी ठेवायचे, डाव्या भिंतीत झरोका काढायचा, उजवीकडे कुलूपबंद दार लावायचं, आणि समजायचं की खेळाडूला स्वातंत्र्य मिळालं. प्रत्यक्षात त्याला मिळतो तीन पर्यायांचा मेनू, फक्त भिंतीत बसवलेला. लढणारा पुढे घुसतो, लपणारा झरोक्यात शिरतो, कुलूपवाला उजवीकडे वळतो. पुढच्या खोलीत तिघं भेटतात आणि तिथे पुन्हा तीच तीन दारं.

मोकळी लेव्हल म्हणजे ओपन वर्ल्डही नव्हे. मैलोन्‌मैल पसरलेल्या जगातही प्रत्येक कामगिरी एकाच वाटेने जाऊ शकते, आणि एका बेटाएवढ्या जागेत खेळाडू दोन तास स्वतःच्या डोक्याने रमू शकतो. 2000 साली आलेल्या ‘डेअस एक्स’ची पहिली लेव्हल, लिबर्टी आयलंड, याचं सगळ्यात अभ्यासण्याजोगं उदाहरण आहे. हे बेट शक्य असेल तर खेळून पाहा, आणि दुसऱ्यांदा खेळताना पहिल्यांदा जिथून आत गेलात तिथून मुद्दाम जाऊ नका.

या लेखात आपण एकच छोटी लेव्हल सुरुवातीपासून बांधू. नदीवरचा पूल, पुलाच्या तोंडाशी जकात नाका, नाक्याच्या वरच्या मजल्यावर अधिकाऱ्याची खोली आणि त्या खोलीत हिशेबाची वही. जागा साधारण 25 बाय 30 मीटर, खेळायला 15 ते 20 मिनिटं. पहिल्या प्रयत्नाला याहून मोठं काही घेऊ नका. युनिटी, अनरियल, गोडो, गेम बांधण्याचं कुठलंही इंजिन चालेल. पहिले तीन टप्पे तर कागदावरच होतात.

1. आधी क्रियापदं, मग नकाशा

नकाशा काढायचा मोह आवरा. आधी खेळाडू काय काय करू शकतो याची यादी करा. पहिल्या लेव्हलला आठ क्रियापदं पुष्कळ झाली: दबकून चालणं, उडी मारून चढणं, पोहणं, वस्तू उचलून फेकणं, कुलूप उघडणं, बोलणं, मारणं, पेटवणं.

प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: ती कुठपर्यंत पोचते, तिची किंमत काय आणि ती कोणाला कळते. उदाहरणार्थ, कुलूप उघडायला 6 सेकंद आणि एक वाकडी तार लागते, आवाज 3 मीटरपर्यंत जातो. दार कुऱ्हाडीने फोडायला 2 सेकंद लागतात, खर्च काही नाही, पण आवाज 20 मीटरपर्यंत. एवढ्या दोन ओळींतच निवड तयार झाली. फोडायचं असेल तर आधी जवळच्या पहारेकऱ्याला 20 मीटरच्या पलीकडे पाठवायला हवं, हे खेळाडूला आपोआप सुचतं. तुम्ही ते कुठेही लिहिलेलं नाही.

आता क्रियापदं उभी आणि नाक्यातले पदार्थ आडवे (लाकूड, लोखंड, गवत, पाणी, मशाल, माणूस, कागद, दोर) असा आठ बाय आठचा तक्ता आखा. चौसष्ट चौकटी झाल्या. वीसेक चौकटींत खरोखर काही घडत असेल तर उत्तम. गवत पेटतं, ओलं गवत पेटत नाही, फेकलेल्या पाण्याने मशाल विझते, मशाल विझली की पहारेकऱ्याला कमी दिसतं. 2017 च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ची बरीचशी मजा याच चौकटींतून येते. तिथे गवत पेटलं की गरम हवेचा झोत वर उठतो आणि त्यावर तरंगत वर जाता येतं.

एक नियम मात्र मोडू नका. चौकट एकदा चालू केली की ती सगळीकडे चालू. तबेल्याचं लाकडी दार कुऱ्हाडीने फुटतं आणि खोलीचं तसंच दार फुटत नाही, असं एकदा झालं की खेळाडू प्रयोग करणं थांबवतो आणि ‘इथे काय अपेक्षित आहे’ ते शोधू लागतो. खोलीचं दार फुटू नये असं वाटत असेल तर ते लोखंडी दिसू द्या.

2. काम एका वाक्यात, वाट न सांगता

‘वरच्या खोलीत शिरून वही चोरा’ हे वाक्य वाईट, कारण शिरणं आणि चोरणं आपणच ठरवून टाकलं. त्याऐवजी: ‘जकातीच्या हिशेबातली लबाडी (काम देणाऱ्या) नौकामालकिणीला सिद्ध करून द्या.’ आता वही चालेल, वहीतलं एक फाडलेलं पान चालेल, नाक्याच्या कारकुनाने तिच्यासमोर दिलेली कबुलीही चालेल. शोधायची वस्तू एक असली तरी पूर्ण होण्याच्या रीती तीन झाल्या.

जमत असेल तिथे बोलण्याच्या वाटेलाही लेव्हलमध्ये पाय फुटू द्या. संवादकौशल्य 60 च्या वर असेल की कारकून कबुली देतो, असं केलंत तर ते जादूचं बटण झालं आणि बोलक्या पात्राला नाका बघायचीही गरज उरली नाही. 1997 च्या ‘फॉलआउट’मध्ये शेवटच्या खलनायकाला, मास्टरला, लढाईशिवाय हरवता येतं. मात्र त्याचे म्युटंट वंध्य आहेत याचा पुरावा आधी मिळवून त्याच्यापुढे ठेवला तर त्याला निरुत्तर करणं खूप सोपं जातं. आपल्या कारकुनासाठी असा पुरावा तळघरात ठेवू: नोंदीत न आलेल्या मालाची पोती. पोती पाहिली असतील तर साधारण बोलणाऱ्यालाही कबुली मिळते. पाहिली नसतील तर फक्त निष्णात वक्त्याला.

3. वर्तुळं आणि रेघा

आता कागदावर प्रत्येक जागेसाठी एक वर्तुळ काढा आणि ये-जा करता येते तिथे रेघ जोडा. मापं नकोत, भिंती नकोत. आपल्या नाक्यात नऊ वर्तुळं आहेत: पूल, नदीकाठ, अंगण, तबेला, छप्पर, तळघर, स्वयंपाकघर, पहारेकऱ्यांचं दालन, वरची खोली. रेघा अशा:

– पूल ते अंगण (मुख्य दरवाजा), पूल ते नदीकाठ (पायवाट)
– नदीकाठ ते तळघर (पाण्यातली लोखंडी जाळी), तळघर ते स्वयंपाकघर (शिडी)
– अंगण ते दालन, अंगण ते तबेला, अंगण ते स्वयंपाकघर (मागचं दार)
– स्वयंपाकघर ते दालन, दालन ते वरची खोली (जिना)
– तबेला ते छप्पर (गवताची गंजी), छप्पर ते वरची खोली (झरोका)

एकूण अकरा रेघा. रेघांतून वर्तुळं वजा करा आणि एक मिळवा: 11 − 9 + 1 = 3. हा आकडा म्हणजे नकाशातले स्वतंत्र फेरे. शून्य आला तर नकाशा झाडासारखा आहे. फांद्या कितीही असोत, प्रत्येक फांदीच्या टोकाला जाऊन परत फिरावंच लागतं. एक आला तर जाण्याची एक वाट आणि येण्याची दुसरी, बस्स. एवढ्या जागेला दोन ते चार फेरे पुरतात. सहा-सात झाले की उलट त्रास होतो. पहारेकऱ्याचा पाठलाग निरर्थक ठरतो, कारण खेळाडू कुठूनही निसटतो.

कागदी खेळांच्या काळापासून ही युक्ती चालत आली आहे. जेनेल जाक्वेज यांनी 1979 साली रचलेल्या ‘कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’ या भुयारात अनेक प्रवेश, मजले जोडणाऱ्या अनेक वाटा आणि फेरे होते. अशा रचनेला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. पुढे त्यांनी ‘क्वेक 2’ आणि ‘क्वेक 3’च्या लेव्हलही बांधल्या.

आता बोटाची परीक्षा. सुरुवात आणि शेवट सोडून एकेक वर्तुळ बोटाने झाका आणि पुलापासून वरच्या खोलीपर्यंत पोचता येतं का पाहा. अंगण झाकलं तर नदीकाठ, तळघर, स्वयंपाकघर, दालन, जिना. दालन झाकलं तर तबेल्यावरून छप्पर. कुठलंही एक झाकून वाट तुटत नाही. तुटली असती तर ते वर्तुळ म्हणजे गळा. बाकी नकाशा कितीही मोकळा असला तरी प्रत्येक खेळाडू तिथूनच जाणार. गळा असूच नये असं नाही. अधिकाऱ्याशी गाठ पडलीच पाहिजे असं कथेला हवं असेल तर ठेवा, पण जाणूनबुजून.

4. अडथळे: या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ घाला

प्रत्येक रेघेवर काहीतरी अडचण हवी, नाहीतर ती फुकटची वाट होते आणि बाकीच्या रेघा कोणी पाहतही नाही. अडथळे दोन जातींचे. कडक अडथळा ठरावीक वस्तू किंवा कौशल्याशिवाय हलत नाही. नरम अडथळा म्हणजे महागडी वाट: धोका, वेळ, आवाज, खर्च. नवखे लोक जवळजवळ सगळे अडथळे कडक करतात. आपल्या अकरा रेघांपैकी दोनच कडक ठेवू, जाळी आणि झरोका. तेही खाली सांगितलेल्या अटींवर.

नरम अडथळ्याचा धडा 2010 च्या ‘फॉलआउट: न्यू वेगास’मध्ये घ्यावा. खेळ सुरू होतो त्या गुडस्प्रिंग्स गावातून वेगास उत्तरेला दिसतं, पण सरळ उत्तरेच्या वाटांवर डेथक्लॉ आणि कॅझडोर हे जीवघेणे प्राणी आहेत. म्हणून बहुतेक लोक दक्षिणेकडून प्रिम, निप्टन, नोव्हॅक असा लांबचा वळसा घेतात. भिंत मात्र कुठेच नाही. गुडस्प्रिंग्सच्याच शाळेतल्या तिजोरीत अदृश्य होण्याचं एक यंत्र ठेवलेलं आहे. ते घेऊन दबकत उत्तरेने जाणारे खेळाडू आहेतच. 2011 च्या ‘डार्क सोल्स’मध्ये सुरुवातीच्या दफनभूमीतले सांगाडे हेच काम करतात. दोन-तीनदा मार खाल्ला की माणूस स्वतःहून दुसरीकडची चढण धरतो.

नरम अडथळा चालायचा तर धोका आधी दिसला पाहिजे आणि खेळाडूच्या पातळीबरोबर तो बदलता कामा नये. 2006 च्या ‘ऑब्लिव्हियन’वर सगळ्यात जास्त टीका झाली ती यावरूनच. तिथे जग खेळाडूबरोबर वाढतं, त्यामुळे पुढे साधे वाटमारेही महागड्या काचेच्या चिलखतात भेटतात. अवघड जागा टाळून नंतर परत येण्यात मग काही अर्थ उरत नाही.

कडक अडथळ्यासाठी नियम असा: प्रत्येक कुलपाला तीन किल्ल्या, तिन्ही वेगळ्या स्वभावाच्या. नदीकाठची जाळी घ्या. कुलूप उघडण्याचं कौशल्य दुसऱ्या पायरीचं असेल तर उघडते. किल्ली स्वयंपाक्याच्या कमरेला आहे. चोरता येते, मागता येते, काढून घेता येते. आणि जाळीचा एक गज गंजलेला आहे, तो 25 सेकंद हिसकत राहिलं तर निघतो, फक्त त्याचा आवाज 12 मीटरपर्यंत जातो.

ही तिसरी किल्ली फार महत्त्वाची. सगळी कौशल्यं शून्य, खिशात दमडी नाही, हत्यार नाही, अशा पात्रालाही नाका पार करता आलाच पाहिजे. तिला गरिबाची वाट म्हणू. ती हळू, गैरसोयीची, धोक्याची असू द्या, पण असू द्याच. ती नसेल तर चुकीची कौशल्यं घेतलेला खेळाडू गेमच्या मध्यावर अडकतो, आणि दोष त्याचा नसताना त्याला नव्याने सुरुवात करावी लागते.

झरोक्याचं कुलूप आतून आहे. दोर आणि लोखंडी आकडा असेल तर वरून उघडतो. जिन्याने आधी वर गेलेल्याला आतून उघडता येतो, म्हणजे निसटायची वाट तयार होते. आणि कारकून राजी असेल तर तो उघडा ठेवतो. इथे शून्याच्या पात्राला काही नाही, पण ते चालतं, कारण त्याची वाट दालनातून आहे. गरिबाची वाट संपूर्ण लेव्हलला एक लागते, प्रत्येक दाराला नाही.

एक किल्ली लेव्हलच्या आतच, तिच्याच कुलपामागे तर राहिली नाही ना, हे तपासा. हसू येईल, पण नेहमी होणारी चूक आहे. विशेषतः आपण ऐन वेळी एखादं कपाट या खोलीतून त्या खोलीत हलवतो तेव्हा.

5. राखाडी ठोकळे आणि मापं

आता इंजिन उघडा. भिंती, जिने, गंजी, सगळं साध्या राखाडी ठोकळ्यांतून उभं करा. युनिटीत प्रोबिल्डर, गोडोत सीएसजी नोड, अनरियलमध्ये मॉडेलिंग मोड पुरतो. टेक्स्चर, झाडं, दिव्यांची सजावट यातलं काहीही नको. सुंदर भिंत पाडायला जीव होत नाही, आणि या भिंती चार-पाच वेळा पाडाव्या लागणार आहेत.

एकक लक्षात ठेवा: अनरियलमध्ये 1 एकक म्हणजे 1 सेंटिमीटर, युनिटी आणि गोडोत 1 मीटर. उडीची उंची अंदाजाने ठरवू नका. सूत्र सोपं आहे: वर जाण्याच्या वेगाचा वर्ग, भागिले गुरुत्वाकर्षणाची दुप्पट. अनरियलच्या कॅरॅक्टर मूव्हमेंटमध्ये मूळ आकडे 420 आणि 980 आहेत, म्हणून 420 × 420 ÷ 1960 = 90 सेंटिमीटर. टेम्प्लेटमध्ये हा वेग बदललेला असू शकतो, तेव्हा आपल्या प्रकल्पातला आकडा पाहा. गोडोच्या नमुना स्क्रिप्टमधला वेग 4.5 आहे, त्यातून साधारण 1.03 मीटर येतात.

उडी 90 सेंटिमीटर असेल तर चढता येण्याच्या वस्तू 70 पर्यंत ठेवा आणि न चढता येणाऱ्या 130 च्या वर. 85 ते 100 मधलं काहीही नको. त्या पट्ट्यात खेळाडू वीस वेळा उड्या मारतो, एकदा चुकून चढतो आणि पुढे प्रत्येक कठड्यावर वीस वेळा उड्या मारत बसतो. पायऱ्यांचंही तसंच. युनिटीच्या कॅरॅक्टर कंट्रोलरमध्ये पाऊल आपोआप चढण्याची मूळ मर्यादा 0.3 मीटर आहे, अनरियलमध्ये 45 सेंटिमीटर. उतार दोन्हीकडे सुमारे 45 अंशांपर्यंत चालतो. छप्पर 30 अंशांचं ठेवलंत तर त्यावर चालता येईल, 55 ठेवलंत तर घसरेल. कुठलं हवं ते ठरवून ठेवा.

सुरुवातीची जागा पुलाच्या टोकावर थोडी उंच असू द्या. तिथून उभ्या उभ्या मुख्य दरवाजा, नदीकाठची पायवाट आणि तबेल्याचं छप्पर, या तिन्ही गोष्टी दिसल्या पाहिजेत. खेळाडूने निवड करावी असं वाटत असेल तर पर्याय त्याला निवडीच्या आधी दिसायला हवेत. पहिल्या वळणानंतर सापडलेली दुसरी वाट निवडीत धरता येत नाही. जी वाट दिसू शकत नाही (मागचं दार, कारकुनाची मर्जी) तिची खूण निदान दोन ठिकाणी ठेवा: पहारेकऱ्यांच्या गप्पा, आणि मागच्या दारापाशी चिखलात उमटलेली पावलं.

6. पहारेकरी आणि सेकंद

नाक्यात पाच पहारेकरी पुरेत: दोन दारात, एक अंगणात फिरता, एक दालनात, एक जिन्याशी. नजर पुढे 15 मीटर आणि 90 अंश धरा. मशाल विझलेली असेल तर 6 मीटर.

आता हिशेब. अंगणातला फिरता पहारेकरी 28 मीटर एका बाजूला जातो, वेग सेकंदाला 1.4 मीटर, म्हणजे 20 सेकंद. दोन्ही टोकांना 4 सेकंद थांबतो. पूर्ण फेरा 48 सेकंदांचा, आणि त्यात सलग 20 सेकंद त्याची पाठ खेळाडूकडे असते. दबकून चालण्याचा वेग 1.5 मीटर आणि ओलांडायचं अंतर 12 मीटर, म्हणजे 8 सेकंद लागतील. मिळणारा वेळ लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट असावा. दीडपटीच्या खाली गेलात की नवख्याला ते नशिबाचं काम वाटतं. इथे अडीचपट आहे, पहिल्या लेव्हलला ठीक.

दुसरा फिरता पहारेकरी आणायचा असेल तर त्याचा फेरा 24 किंवा 48 सेकंदांचाच ठेवा. 35 ठेवलात तर दोघांची जुळणी पुन्हा तशीच यायला 1680 सेकंद, म्हणजे 28 मिनिटं लागतील. खेळाडू कोपऱ्यात बसून नमुना शोधत राहील आणि नमुना त्याला कधी दिसणारच नाही.

दिसलं की ‘कामगिरी फसली’ असा फलक लावू नका. पायऱ्या ठेवा. शंका आली तर 10 सेकंद येऊन पाहणी, खात्री झाली तर 60 सेकंद पाठलाग, मग जागेवर परत, पण मशाली वाढलेल्या. फसल्यावरही खेळण्यासारखं काही उरलं तर लोक दर दोन मिनिटांनी जुना सेव्ह उघडत नाहीत.

7. गेमने निकाल लक्षात ठेवावा, वाट नव्हे

मोकळ्या लेव्हल सगळ्यात जास्त मोडतात त्या इथे, आणि नकाशा कितीही चांगला असला तरी याला इलाज नसतो.

फ्लॅग (गेमने लक्षात ठेवायच्या नोंदी) थोडे ठेवा आणि ते जगाच्या स्थितीचे ठेवा. वही कुठे आहे: नाक्यात, खेळाडूकडे, मालकिणीकडे, नष्ट. कारकून: अनभिज्ञ, राजी, मृत. नाका: शांत, सावध. पुरावा पोचला: हो, नाही. एवढ्यावर सगळं चालतं. ‘मागच्या दाराने आला’, ‘छपरावर चढला’ असे ट्रिगर लावून त्यांवर पुढचं काही अवलंबून ठेवलं की तुम्हाला न सुचलेल्या वाटेने आलेला खेळाडू गेमच्या लेखी आलेलाच नसतो. हातात वही असूनही मालकीण त्याला ‘वही आणा’ म्हणत राहते.

मग विचित्र क्रमांची यादी करा आणि प्रत्येकाचं उत्तर लिहा.

कामगिरी मिळण्याआधीच वही उचलली तर? वही सुरुवातीपासून खोलीत असली पाहिजे, काम मिळाल्यावर उगवणारी नको. आणि मालकिणीच्या पहिल्या संवादात ‘ही वही तुमची का?’ असा पर्याय हवा. कारकून मेला तर? कबुलीची वाट बंद, वहीची चालू. वही जळली तर? कागद पेटतो असं तक्त्यात आपणच लिहिलंय, तेव्हा ती जळू द्या. कारकून आणि फाडलेलं पान उरतं. पान आधी फाडलेलं नसेल आणि कारकूनही मेला असेल, तर काम फसलं. मालकिणीकडे त्या फसण्याचाही संवाद तयार हवा. मालकीणच मेली तर? वही अधिकाऱ्याला परत विकता यावी.

महत्त्वाची पात्रं मारू द्यावीत का, याची तीन उत्तरं प्रसिद्ध आहेत. 2002 च्या ‘मॉरोविंड’मध्ये मुख्य कथेतलं पात्र मारलं की भविष्यवाणीचा धागा तुटल्याचा संदेश येतो आणि खेळ चालूच राहतो; एका आडवाटेने कथा तरीही पूर्ण करता येते. 2011 च्या ‘स्कायरिम’मध्ये अशी पात्रं मरतच नाहीत, गुडघ्यावर बसून पुन्हा उठतात. 2023 च्या ‘बाल्डर्स गेट 3’मध्ये बहुतेकांना मारता येतं आणि मृतांशी बोलण्याचा मंत्र असल्यामुळे माहिती पूर्ण बुडत नाही. आमच्या मते पहिल्या लेव्हलला तिसरी रीत बरी. माहिती एका माणसाच्या तोंडात कोंडू नका. तीच गोष्ट पत्रात, वहीत किंवा पोत्यांवरच्या शिक्क्यात पुन्हा सापडू द्या. अमर पात्रांचं मात्र खेळाडूला फार लवकर कळतं, आणि मग तो मुद्दाम त्यांच्याच डोक्यावर बादल्या ठेवत बसतो.

8. बक्षीस

एक्सपी (अनुभवाचे गुण) फक्त काम पूर्ण झाल्याचे आणि नवी जागा शोधल्याचे द्या. मारण्याचे वेगळे दिले की लपून गेलेला खेळाडू परत येऊन सगळ्यांना मारतो, कारण गुण सोडायला कोणाला आवडतं? 2011 च्या ‘डेअस एक्स: ह्यूमन रेव्होल्यूशन’मध्ये संगणक हॅक केल्याचे गुण मिळतात, पासवर्ड टाकून उघडल्याचे मिळत नाहीत. परिणामी पासवर्ड सापडलेला असूनही लोक हॅक करत बसतात. शोधाशोध करणाऱ्याच्या पदरी काहीच नाही. त्याच गेममध्ये बॉसच्या, म्हणजे टप्प्याटप्प्यावरच्या बड्या शत्रूंच्या, लढाया लढूनच जिंकाव्या लागत. लपण्या-बोलण्यावर सगळे गुण घातलेल्यांची तिथे पंचाईत झाली, आणि 2013 च्या डायरेक्टर्स कट या सुधारित आवृत्तीत त्या जागांची फेररचना करून हॅकिंगसारख्या वाटा द्याव्या लागल्या. वीस मिनिटं मोकळीक देऊन शेवटी अधिकाऱ्याशी सक्तीची तलवारबाजी ठेवणार असाल तर हे आधी आठवा.

9. परीक्षा

आधी स्वतः तीन पात्रांनी खेळा: फक्त लढणारा, फक्त लपणारा आणि शून्याचं पात्र. प्रत्येकाने शेवट गाठलाच पाहिजे. मग बाहेरचे पाच-सहा जण बसवा, प्रत्येकाला वेगळं पात्र द्या, ‘लबाडी सिद्ध करा’ एवढंच सांगा आणि गप्प बसा. ‘तिकडे बघ ना’ असं एकदा जरी तोंडातून गेलं तरी तो खेळ मोजणीतून बाद. त्यांची वाट कागदी वर्तुळांवर रंगीत पेन्सिलीने काढा. कुठे थांबले, कुठे परत फिरले, किती वेळ लागला ते शेजारी लिहा.

सहापैकी पाच जण एकाच वाटेने गेले तर त्या वाटेला कुलूप ठोकू नका. आधी कारण शोधा. बहुधा ती वाट स्वस्त असते, किंवा तिथे उजेड जास्त असतो, किंवा बाकीच्या दिसतच नाहीत. आवाजाचं अंतर 12 वरून 16 मीटर करणं, किंवा दुसऱ्या वाटेच्या तोंडाशी एक मशाल ठेवणं, एवढ्यानेही पारडं हलतं. एका वेळी एकच आकडा बदला. एखाद्या वाटेने कोणीच गेलं नाही तर ती लगेच काढू नका. दुसऱ्या गटातही तसंच झालं तर काढा आणि वाचलेला वेळ उरलेल्या वाटांवर खर्च करा.

शेवटी कोणीतरी असं काही करेल जे तुमच्या तक्त्यात बसतं पण डोक्यात नव्हतं. ‘डेअस एक्स’मध्ये भिंतीला चिकटणारे सुरुंग होते, खेळाडूंनी ते एकावर एक लावून त्यांच्याच पायऱ्या केल्या आणि न चढायच्या भिंती चढले. 2017 च्या ‘प्रे’मध्ये झटकन घट्ट होणारा फेस फेकणाऱ्या बंदुकीने भिंतीवर हवी तिथे पायरी करता येते; तिथे हे ठरवूनच दिलेलं आहे. उलट ‘मॉरोविंड’मधला तरंगण्याचा मंत्र ‘ऑब्लिव्हियन’मध्ये राहिला नाही, तिथली शहरं स्वतंत्र तुकड्यांत लोड होतात आणि तटावरून तरंगत आत जाणं त्या रचनेला झेपणारं नव्हतं.

आपल्या नाक्यात समजा कोणी पोत्यांची चळत रचून थेट वरच्या खिडकीशी पोचला, तर तीन प्रश्न विचारा. गेम बंद पडतो का, किंवा पात्र भिंतीत अडकतं का? फ्लॅग बिघडतात का? एकदा कळल्यावर प्रत्येक लेव्हलमध्ये तेवढंच करून भागतं का? तिन्हींची उत्तरं ‘नाही’ असतील तर काहीही करू नका, फक्त खिडकीच्या आत एखादी मेणबत्ती लावून ठेवा. पहिल्या दोहोंपैकी एक ‘हो’ आलं तर दुरुस्ती करा. फक्त तिसरं ‘हो’ आलं तर पोती काढून घेऊ नका, वजन वाढवा: एका वेळी एकच उचलता येईल, आणि ठेवताना 5 मीटरपर्यंत धप्प असा आवाज होईल. पोती सहा लागतात, अंगणात 20 सेकंदांची पाठ आहे. पुढचं त्याचं तो बघेल.